ग्रुप कॉन्शन्सला पहिल्यांदा बसताना

ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची, मीटिंग संपली की सेक्रेटरी म्हणतो, "होमग्रुपवाल्यांनी थोडं थांबा, आज कॉन्शन्स आहे." होमग्रुप म्हणजे आपण आपला मानलेला ग्रुप, आणि कॉन्शन्स म्हणजे त्याचे निर्णय घेणारी सभा. हे ऐकलं की नवीन माणूस चपला शोधू लागतो. मीही पहिले चार महिने असाच सटकलो. मला वाटायचं, ही जुन्या मंडळींची कमिटी दिसते, आपलं तिथे काय काम? शिवाय मला कोणी काही विचारणं बंद केल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. मुलीची शाळा, घराचा रंग, आईचं ऑपरेशन, सगळं माझ्याशिवाय ठरत होतं. बरोबरच होतं म्हणा. रात्री दिलेला शब्द ज्याला सकाळी आठवत नाही, त्याचं मत विचारून करायचं काय?

पाचव्या महिन्यात स्पॉन्सरने, म्हणजे मला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदाने, दंड धरून खाली बसवलं. तेव्हा मला जे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे लिहितो आहे. लेख अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये, म्हणजे आपल्या ए.ए.मध्ये, नव्याने आलेल्यांसाठी आहे. एन.ए. (अमली पदार्थ सोडू पाहणाऱ्यांसाठी) आणि अल-अनॉन (दारुड्यांच्या घरच्यांसाठी) यांच्या परंपरा, म्हणजे ग्रुप चालवण्याची तत्त्वं, याच साच्यातून निघाल्या, त्यामुळे तिथेही बरंचसं लागू पडेल. प्रत्येक ग्रुप आपल्यापुरता स्वायत्त असतो. तुमच्याकडे पद्धत वेगळी असेल तर तुमच्या ग्रुपचं खरं माना.

आधी हे काय असतं ते

कॉन्शन्स म्हणजे सद्‌सद्विवेक. दुसरी परंपरा सांगते की ग्रुपपुरती अंतिम सत्ता एकच: ग्रुपच्या सद्‌सद्विवेकातून व्यक्त होणारा प्रेमळ ईश्वर. आणि आपले पुढारी हे फक्त विश्वासू सेवक, ते राज्य करत नाहीत. 'ईश्वर' शब्दाशी ज्यांचं जमत नाही असे आमच्याकडे दोघे आहेत. ते 'सगळ्यांचं मिळून शहाणपण' असा अर्थ घेतात आणि कोणी त्यांना अडवत नाही.

या परंपरा पहिल्या दिवसापासून नव्हत्या. ए.ए.ची सुरुवात १९३५ सालची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावची. परंपरा छापल्या गेल्या १९४६ मध्ये, आणि क्लीव्हलंडच्या अधिवेशनात त्या सर्वांनी मान्य केल्या १९५० मध्ये. मधल्या वर्षांत ग्रुपांनी आपापले नियम करून पाहिले. कोणाला सभासद करावं, कोणाला नको, याच्या याद्या होत्या. एकदा मुख्य कार्यालयाने सगळ्या ग्रुपांकडून या याद्या मागवल्या. त्या एकत्र मांडल्यावर दिसलं की सगळे नियम सगळीकडे लावले तर ए.ए.मध्ये कोणालाच येता आलं नसतं. आपल्या सोसायट्यांच्या उपविधींची आठवण होते.

कॉन्शन्सची सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट मात्र परंपरांच्याही आधीची आहे. संस्थापकांपैकी बिल डब्ल्यू. दारू सोडून बसलेला, पण खिशात दमडी नाही. बायको लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवते. न्यूयॉर्कच्या ज्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्याची शेवटची दारू उतरवली गेली, त्याचे मालक चार्ल्स टाउन्स त्याला म्हणाले, तुझं हे काम इथे येऊन कर. ऑफिस देतो, खर्चाला उचल देतो, नफ्यात वाटाही देतो. बिल हुरळून घरी आला. त्या दिवशी मंगळवार होता, आणि मंगळवारी ब्रुकलिनच्या क्लिंटन स्ट्रीटवरच्या त्याच्या घरीच मीटिंग भरायची. त्याने मोठ्या उत्साहाने बातमी सांगितली आणि समोरचे चेहरे थंड पडले. मग एकेक जण बोलू लागला. तुझी अडचण आम्हाला कळते, पण हे काम पगारावर झालं तर त्यातला जीव जाईल. बिलने ती नोकरी नाकारली.

विचार करा. संस्थापक तो, घर त्याचं, पोटही त्याचंच. आणि त्याला 'नको' म्हणणारे कोण, तर ज्यांना त्यानेच मीटिंगला आणून बसवलं होतं ते. तुम्ही नवीन असाल तर स्वतःला त्या मंगळवारच्या खोलीत बघा. सध्या एवढं पुरे.

जाण्याआधी

तुमचा होमग्रुप कोणता ते ठरवा आणि सेक्रेटरीला सांगा. मीटिंगा तुम्ही आठवड्यातून सात करा, सात वेगवेगळ्या ठिकाणी करा, पण मत एकाच ग्रुपात द्यायचं अशी रीत आहे. सभासद व्हायला तिसऱ्या परंपरेप्रमाणे एकच गोष्ट लागते, दारू सोडण्याची इच्छा. फॉर्म नाही, फी नाही. आमच्याकडे ज्याने 'हा माझा होमग्रुप' म्हटलं त्याचं मत धरलं जातं, मग सोब्रायटी, म्हणजे दारूशिवायचा काळ, अकरा दिवसांची असो की अकरा वर्षांची. काही ग्रुप महिना-दोन महिने थांबायला सांगतात. विचारून घ्या, आणि थांबायला सांगितलं तर अपमान मानू नका. बसून ऐकायला सहसा कोणी मनाई करत नाही.

विषय आधी माहीत करून घ्या. सेक्रेटरीकडे वहीत लिहिलेले असतात. एखादा विषय तुम्हाला मांडायचा असेल तर तो दोन-चार दिवस आधी त्याला सांगा. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून रात्री साडेनऊला काहीतरी उकरून काढायची सवय आपण सोसायटीच्या सभेत शिकलेलो असतो. ती बाहेर ठेवून या.

आणि खाऊन जा. हसू नका. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार अवस्थांत निर्णय घेऊ नये असं आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कॉन्शन्स भरते नेमकी रात्री, मीटिंगनंतर, दिवसभराचं काम आणि लोकलचा धक्का खाऊन आल्यावर. आमच्या ग्रुपातली दोन मोठी भांडणं वडापावाने टळली असती असं माझं प्रामाणिक मत आहे.

बसल्यावर काय क्रमाने होतं

सुरुवातीला क्षणभर शांतता, मग बहुतेक ठिकाणी सेरेनिटी प्रार्थना, आणि परंपरांचं वाचन. मागच्या वेळी काय ठरलं ते सेक्रेटरी वाचतो. वहीत फक्त पहिली नावं असतात. तुमचं आडनाव कुठे लिहिलेलं दिसलं तर लगेच सांगा, ते खोडायला हवं.

नेहमीच्या मीटिंगशी एक मोठा फरक आहे, तो नवीन माणसाला गोंधळात टाकतो. शेअरिंगमध्ये, म्हणजे मीटिंगमध्ये आपापला अनुभव सांगताना, आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलत नाही. इथे बोलावं लागतं. 'मघाशी मित्राने जे म्हटलं ते मला पटत नाही' हे वाक्य इथे चालतं. उलट, इथे आपली पिण्याची कहाणी सांगायची नसते. पहिल्या वेळी मी पंख्याच्या विषयावर बोलताना नाशिकला दारू पिऊन कसा पडलो तिथपर्यंत पोचलो होतो. अध्यक्षाने हळूच विचारलं, "मित्रा, पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?"

मग खजिनदार. हिशेब ऐकताना झोपू नका, सातवी परंपरा इथेच राहते. ग्रुपने आपला खर्च आपल्याच सभासदांच्या वर्गणीतून करायचा, बाहेरची मदत घ्यायची नाही. समजा महिन्याला थैलीत ३,००० रुपये जमले. खोलीचं भाडं ८००, चहा-बिस्किटं ९००, पुस्तकं आणि पत्रकं ४००. राहिले ९००. त्यातला काही भाग अडीअडचणीसाठी ठेवायचा आणि उरलेला इंटरग्रुपला (आसपासच्या ग्रुपांच्या सामाईक कार्यालयाला) आणि मुंबईच्या जनरल सर्व्हिस ऑफिसला पाठवायचा. किती ठेवायचा आणि किती पाठवायचा हे कॉन्शन्स ठरवते. 'मागच्या महिन्यात भाडं का दिलं नाही?' असं विचारायला नवीन माणसाने कचरू नये. तो संशय नसतो. खजिनदारही दारुडाच आहे, प्रश्न विचारले गेले तर तोच सगळ्यात सुखी राहतो.

आमच्याकडे एकदा स्थानिक नगरसेवकाच्या कार्यालयातून निरोप आला: तुमचं काम फार चांगलं, पन्नास प्लॅस्टिकच्या खुर्च्या देतो. खुर्च्यांच्या पाठीवर अर्थातच साहेबांचं नाव. आमच्या निम्म्या खुर्च्या मोडक्या होत्या. अर्धा तास चर्चा झाली. एक जण म्हणाला, नाव खरवडून काढू. दुसरा म्हणाला, निवडणुकीत साहेब मीटिंगला हार घालून आले तर त्यांनाही खरवडणार का? आम्ही आभार मानून नकार कळवला आणि तीन महिन्यांत वर्गणीतून बारा खुर्च्या घेतल्या. फुकट खोली मिळत असली तरी थोडंफार भाडं देण्याचा आग्रह ग्रुप का धरतात, ते मला त्या दिवशी कळलं.

बोलण्याची पाळी

हात वर करा, नाव घेतलं की बोला. प्रत्येकाने एकदा बोलून झाल्याशिवाय दुसऱ्यांदा बोलू नये, ही साधी शिस्त बहुतेक ग्रुप पाळतात. दोन मिनिटांत सांगता येतं. 'मला असं वाटतं, कारण असं' एवढंच. 'सगळ्यांना असं वाटतं' म्हणू नका. सगळे समोरच बसलेत.

माहिती नसेल तर विचारा. एखाद्या विषयाची पार्श्वभूमी जुन्यांना इतकी पाठ असते की ती सांगायची राहून जाते, आणि मग 'जी.एस.आर.चा रिपोर्ट', 'रोटेशन', 'एरिया' असे शब्द उडत राहतात. जी.एस.आर. म्हणजे ग्रुपचा प्रतिनिधी, ग्रुपचं म्हणणं वर नेणारा आणि वरचं ग्रुपला सांगणारा. रोटेशन म्हणजे ठरावीक मुदतीनंतर सेवेची जागा सोडायची, कितीही छान जमत असली तरी. एरिया म्हणजे अनेक ग्रुपांचा मिळून विभाग. कॉन्शन्स ही 'माहितीवर आधारलेली' हवी असं आपल्याकडे म्हणतात, त्यामुळे तुमच्या अडाणी प्रश्नाने सभेचं भलंच होतं. असा प्रश्न आला की निम्म्या जुन्यांचे चेहरे मी उजळताना पाहिलेत. त्यांनाही माहीत नसतं.

जुन्यांबद्दल एक सांगतो. वीस-पंचवीस वर्षांच्या सोब्रायटीवाल्यांचं ऐका, पण त्यांचं मतही एकच धरायचं. त्यांतले काही गप्प बसतात आणि विचारल्यावरच बोलतात. तशांच्या शेजारी बसा. काही मात्र 'हा ग्रुप मी उभा केला' इथून सुरू करतात. त्यांच्याशी वाद घालू नका, घाबरूही नका. क्लिंटन स्ट्रीट आठवा.

हात वर करणं, आणि हरलेल्यांचं ऐकणं

साध्या विषयांना, म्हणजे पंखा किंवा बिस्किटं, निम्म्याहून जास्त हात पुरतात. महत्त्वाच्या विषयांना बहुतेक ठिकाणी दोन-तृतीयांश मतं लागतात. एकोणीस जण बसले असतील तर तेरा हात हवेत. नऊ विरुद्ध दहाने एखादी गोष्ट ठरवली की पुढच्या शनिवारी नऊ जण तोंड पाडून बसतात, म्हणून ही व्यवस्था. दोन-तृतीयांश जमत नसेल तर विषय पुढच्या महिन्यावर टाकतात. घाई कशाला? ज्याने पंधरा वर्षं पिण्यात घालवली त्याला एक महिना जड जाऊ नये.

जबाबदारीच्या जागेसाठी दोघं-तिघं असले की काही ग्रुप चिठ्ठीने मतदान घेतात. दोन-तृतीयांश कोणालाच मिळाली नाहीत तर पुन्हा फेरी, पुन्हा फेरी, आणि तरीही सुटलं नाही तर नावं टोपीत टाकून एक चिठ्ठी उचलायची. ही ए.ए.ची मान्य पद्धत आहे, मोठ्या सेवापदांसाठीही वापरतात. भिशीची आठवण आली तर येऊ द्या. फायदा असा की ज्याचं नाव निघतं त्याला 'मी जिंकलो' म्हणता येत नाही.

पण मला नवीन माणसाला मुख्यतः दाखवायचा आहे तो मतदानानंतरचा भाग. मोजणी झाल्यावर अध्यक्ष विचारतो, "अल्पमतातल्या कोणाला काही बोलायचंय?" बाहेरच्या जगात हरलेल्याला कोणी माईक देत नाही. इथे देतात, आणि त्यावेळी जिंकलेल्यांनी उत्तर द्यायचं नसतं, ऐकायचं असतं. ते ऐकून बहुमतातल्या एखाद्याचं मन बदललं तर तो म्हणू शकतो, "माझं मत मला पुन्हा द्यायचंय." मग सभा विषय पुन्हा घेते.

आमचा ग्रुप मराठी. दोन-तीन वर्षांपूर्वी जवळच्या बांधकामावरचा एक मजूर येऊ लागला, त्याला फक्त हिंदी कळायची. विषय निघाला की काही वाचन हिंदीत करावं का. मी ठामपणे विरोधात. मराठी ग्रुप मराठीच राहावा, हिंदीचे ग्रुप आहेतच, वगैरे. मतदान झालं, पंधरातल्या अकरा जणांनी 'जसं आहे तसं' म्हटलं. नियमाप्रमाणे अल्पमताला विचारलं. एक बाई उठल्या, आमच्याकडे तेव्हा स्त्री सभासद दोनच होत्या. त्या म्हणाल्या, "तो तीन आठवडे मान हलवतोय. मीही पहिल्या महिन्यात अशीच मान हलवायचे, आणि मला तर मराठी येत होतं." खाली बसल्या. वीस सेकंद कोणी बोललं नाही. मग बहुमतातल्या एकाने पुन्हा मत घ्यायला सांगितलं. तो मी नव्हतो. मी दुसऱ्या मोजणीतही आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग हात वर केला. ठरलं असं: वाचन मराठीतच, पण बारा पायऱ्या, म्हणजे ए.ए.चा दारूतून बाहेर पडण्याचा कार्यक्रम, हिंदीतही एकदा वाचायच्या, आणि शेअरिंग ज्याने त्याने आपल्या भाषेत करायचं. तो मजूर पुढे काम संपल्यावर दुसऱ्या शहरात गेला. हिंदी वाचन अजून चालू आहे.

जे ठरवता येत नाही

ग्रुप स्वायत्त आहे, पण दुसऱ्या ग्रुपांवर किंवा सबंध ए.ए.वर परिणाम होईल असं काही तो एकटा ठरवू शकत नाही. पायऱ्या बदलता येत नाहीत. कोणाला 'तू अल्कोहोलिक नाहीस' किंवा 'तू सभासद नाहीस' म्हणून कायमचं काढता येत नाही. मीटिंगमध्ये दंगा करणाऱ्याला, कोणाला धमकावणाऱ्याला किंवा स्त्री सभासदांना त्रास देणाऱ्याला बाहेर जायला मात्र सांगता येतं, आणि सांगायलाच हवं. तुम्हाला असा अनुभव आला तर कॉन्शन्सच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी सेक्रेटरीला गाठा. कोणी कोणती गोळी घ्यावी किंवा बंद करावी हाही ग्रुपचा विषय नाही, तो डॉक्टरांचा.

आणि दारूबंदी. महाराष्ट्रात हा प्रश्न येतोच. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावी बायकांनी उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान करून दुकानं बंद पाडली. नवीन माणसाला वाटतं, या विषयावर आपण नाही बोलायचं तर कोणी? तुम्ही जरूर बोला, मोर्चाला जा, आडव्या बाटलीचा प्रचार करा, नागरिक म्हणून. ग्रुपच्या नावाने ठराव मात्र होणार नाही. दहाव्या परंपरेप्रमाणे बाहेरच्या प्रश्नांवर ए.ए.चं मतच नसतं. कारण अगदी घरगुती आहे: ज्याचं देशी दारूचं दुकान आहे आणि जो स्वतः पिऊन पिऊन मरायला टेकलाय, त्यालाही आपला जिना चढता आला पाहिजे.

ठरल्यानंतर

व्हॉट्सॲपवर पुन्हा सुरू करू नका. ग्रुपवर 'पोल' टाकून निर्णय फिरवायचा प्रयत्न आमच्याकडे झालेला आहे. अंगठे भरपूर आले, पण त्यांतले चार जण होमग्रुपचेही नव्हते. समोर बसून, एकमेकांचं ऐकून जे ठरतं तेच धरायचं. निर्णय खटकत असेल तर पुढच्या कॉन्शन्ससाठी विषय द्या. जिन्यात, टपरीवर, चहाच्या ग्लासाबरोबर त्याचा चोथा करू नका. स्पॉन्सरशी बोलणं वेगळं, ते करा.

हरल्यावर काय करायचं हे मला उशिरा जमलं. मला मीटिंग सातला हवी होती, आठला ठेवायचं ठरलं. मला परतीची गाडी गाठायला पळावं लागणार होतं. दोन शनिवार मी गेलोच नाही, म्हणजे 'दाखवून देणं' चालू होतं. कोणाला, ते मला आजही सांगता येणार नाही. तिसऱ्या शनिवारी दुपारी स्पॉन्सरचा फोन आला. वेळेबद्दल, कॉन्शन्सबद्दल त्याने काही विचारलं नाही. "आज खुर्च्या लावायला माणूस नाहीये, साडेसातला येशील का?" एवढंच.

पहिली जबाबदारी

दोन-तीन कॉन्शन्सना बसलात की कोणीतरी तुमच्याकडे बघून विचारेल, "चहा बघशील का?" जी.एस.आर.साठी साधारण दोन वर्षांची सोब्रायटी असावी असं सुचवलं जातं, सेक्रेटरी आणि खजिनदाराच्या अटी ग्रुपागणिक वेगळ्या असतात, पण चहाला कसलीच अट नसते. हो म्हणा. दूध मीटिंगच्या अर्धा तास आधी आणायचं, साखर वेगळी ठेवायची कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह असतो, आणि पावती जपून ठेवायची, खजिनदार मागतो. भांडी विसळून झाली की खोलीची किल्ली वॉचमनच्या हातात द्यायची, खिडकीत ठेवून जायचं नाही. हे मागच्या ऑगस्टच्या कॉन्शन्समध्ये दोन-तृतीयांशाने ठरलेलं आहे.